गाळप हंगामातली फायबर रिंग आणि स्पॅनिंग ट्री : रूट ब्रिज कोणता ठेवावा?

मांजराकाठ (धाराशिव जिल्हा) यांचा प्रश्न

नमस्कार. मी एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात काम करतो. आमच्या आवारात पाच मॅनेज्ड (म्हणजे सेटिंग बदलता येणारे) स्विच आहेत. मुख्य कार्यालय, वजनकाटा, साखर गोदाम, प्रयोगशाळा आणि शेतकी विभाग अशा पाच ठिकाणी ते बसवलेले आहेत आणि याच क्रमाने एकापुढे एक फायबरने जोडलेले होते. गेल्या हंगामात नाली खोदताना कार्यालय आणि काटा यांच्यामधली फायबर जेसीबीच्या बकेटने तुटली. सर्व्हर कार्यालयात असल्यामुळे काट्यावरच्या वजन पावत्या त्या दिवशी हाताने लिहाव्या लागल्या. ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग फाट्यापर्यंत गेली, आणि रात्री तोडून आणलेला ऊस घेऊन आलेल्या टोळ्या दुपारपर्यंत उन्हात ताटकळत राहिल्या. तसे पुन्हा घडू नये म्हणून यंदा हंगामापूर्वी शेतकी विभाग ते कार्यालय अशी नवी फायबर टाकून आम्ही रिंग पूर्ण केली.

रिंग जोडली आणि काही सेकंदांतच पाचही स्विचचे सगळे दिवे एका लयीत भराभर लुकलुकू लागले, पिंग (जोडणी तपासणारे संदेश) बंद पडले आणि सर्व्हरपर्यंत कोणीच पोहोचू शकेना. नवी फायबर काढताच सर्व काही पूर्ववत झाले. तपासल्यावर असे दिसले की स्विच बसवून देणाऱ्या व्यक्तीने गोदाम आणि प्रयोगशाळा येथील स्विचवर स्पॅनिंग ट्री (रिंगमधली एक जोडणी मिटवून डेटा गोल फिरू न देणारी सोय) बंद ठेवले होते. आता मी पाचही ठिकाणी आरएसटीपी (स्पॅनिंग ट्रीचा नवा, जलद प्रकार) चालू केले आहे आणि रिंग जोडूनही नेटवर्क कोसळत नाही, परंतु तीन अडचणी उरल्या आहेत.

शेतकी विभाग कार्यालयाला लागून आहे आणि आता थेट फायबरही आहे, तरी तिथल्या संगणकांना सर्व्हरचा वेग पूर्वीइतकाच कमी मिळतो. शेतकीच्या स्विचवर पाहिले तर नेमकी ती नवी फायबरच ‘डिस्कार्डिंग’, म्हणजे मिटलेल्या, अवस्थेत दिसते. रूट (म्हणजे रूट ब्रिज, ज्याला मूळ धरून बाकीचे स्विच आपली वाट ठरवतात) म्हणून गोदामातील स्विचचा पत्ता दिसतो. हा आमचा सर्वांत जुना स्विच आहे आणि त्याचे पोर्ट १०० मेगाबिटचे आहेत. पाचही स्विचवर प्रायॉरिटी ३२७६८ आहे. दुसरी अडचण अशी की लाईट जाऊन आल्यानंतर काट्यावरच्या संगणकाला आयपी मिळायला अर्धे मिनिट लागते आणि कधीकधी तो मिळतच नाही. तिसरी अडचण म्हणजे दिवसभर अधूनमधून सगळे क्षणभर अडखळते आणि ‘टोपॉलॉजी चेंज’चा (जोडण्यांच्या रचनेतल्या बदलांचा) आकडा दोन दिवसांत कित्येक शेकड्यांवर गेला आहे.

गाळप सुरू आहे, त्यामुळे प्रयोग करून पाहण्यास वाव नाही. काय बदलावे आणि कोणत्या क्रमाने बदलावे, हे कृपया सांगावे.

वाळूज_देखभाल यांचे उत्तर

नमस्कार. मी वाळूज औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांची नेटवर्क सांभाळतो. आपण वर्णन केलेला प्रकार मी अनेकदा पाहिला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वादळाबद्दल, म्हणजे रिंग जोडताच जे झाले त्याबद्दल. आयपी पॅकेटमध्ये टीटीएल (किती टप्पे जगायचे याचा आकडा) असतो, म्हणून ते फिरत राहिले तरी केव्हातरी मरते. इथरनेटच्या फ्रेममध्ये तशी सोय नाही, त्यामुळे रिंगमध्ये एक ब्रॉडकास्ट (सर्वांना उद्देशून पाठवलेली) फ्रेम शिरली की ती कोणीतरी वायर काढेपर्यंत फिरतच राहते आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक पोर्टवर तिची प्रत निघते. आपण पाहिलेले दिवे त्याचेच होते. तीन स्विचवर स्पॅनिंग ट्री चालू असूनही ते का वाचवू शकले नाही, याचे कारण असे की स्पॅनिंग ट्री बंद असलेले काही स्विच बीपीडीयू फ्रेम (स्पॅनिंग ट्रीसाठी स्विच एकमेकांना पाठवतात ते संदेश) पुढे जाऊ देतात आणि काही गिळून टाकतात. आपले दोन स्विच गिळणारे असावेत. बाकीच्या तिघांना रिंग पूर्ण झाल्याचे कळलेच नाही.

आता मुख्य मुद्दा. आपण रूट निवडला नाही, म्हणून स्विचनी तो आपापसांत निवडला. ज्याचा ब्रिज आयडी सर्वांत लहान तो रूट, असा नियम आहे. या आयडीत आधी प्रायॉरिटी पाहिली जाते आणि ती सारखी असेल तर मॅक पत्ता (उपकरणाला बनवतानाच दिलेला पत्ता) पाहिला जातो. सर्वांची प्रायॉरिटी स्विचच्या कंपनीकडून आलेली ३२७६८ हीच असेल, तर निकाल मॅक पत्त्यावर लागतो, आणि एकाच कंपनीच्या मालात जुन्या स्विचचा मॅक पत्ता बहुधा लहान असतो. त्यामुळे नेटवर्कमधला सर्वांत म्हातारा आणि सर्वांत मंद स्विच रूट होऊन बसतो, हे मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की नव्या जागी गेल्यावर मी आधी अडगळीतला स्विच शोधतो.

आपल्या रिंगचा हिशेब मांडून पाहू. नव्या मापाप्रमाणे एक गिगाबिटच्या जोडणीची कॉस्ट (वाट किती महाग याचा आकडा) २०००० आणि १०० मेगाबिटची २००००० धरली जाते. रूट गोदामात असल्यामुळे काटा आणि प्रयोगशाळा यांना रूटपर्यंत प्रत्येकी २०००००, तर कार्यालय आणि शेतकी यांना प्रत्येकी २२०००० कॉस्ट पडते. कार्यालय आणि शेतकी यांच्यामधली फायबर दोघांच्याही उपयोगाची ठरत नाही, म्हणून तिचे एक टोक मिटवले जाते. शेतकीची फाइल शेजारच्या खोलीतून येण्याऐवजी काटा, गोदाम आणि प्रयोगशाळा असा वळसा घालून आणि वाटेत दोनदा १०० मेगाबिटच्या बोळातून जाऊन पोहोचते. आपण खर्च करून टाकलेली फायबर राखीव राहिली आणि जुनी वाट चालू राहिली.

कार्यालयातील स्विचची प्रायॉरिटी ४०९६ करावी. हा आकडा ४०९६ च्या पटीतच द्यावा लागतो, मधला आकडा स्विच घेत नाही. काट्याची ८१९२ करावी, म्हणजे कार्यालयातला स्विच बंद पडला तर रूटपद काट्याकडे जाईल. बाकीचे ३२७६८ वर राहिले तरी चालतील, पण गोदामाचा मी मुद्दाम ६१४४० करीन, म्हणजे त्याची निवड होण्याची शक्यताच उरणार नाही. आता पुन्हा हिशेब केला तर काटा आणि शेतकी २००००, प्रयोगशाळा ४०००० आणि गोदाम काट्यामार्गे २२०००० असे आकडे येतात. प्रयोगशाळेमार्गे गोदामाला २४०००० पडत असल्याने गोदामाचे प्रयोगशाळेकडचे पोर्ट मिटते. म्हणजे चारही महत्त्वाची ठिकाणे गिगाबिटवर येतात आणि मंद स्विच एका टोकाला राहतो, जिथे त्याचा कोणाला त्रास नाही.

एक खबरदारी आवश्यक आहे. काही स्विच अजून जुने माप वापरतात, ज्यात एक गिगाबिटला ४ आणि १०० मेगाबिटला १९ धरतात. रिंगमध्ये दोन्ही मापे मिसळली तर ४ आणि २०००० यांची बेरीज होते आणि वाट भलतीकडून निघते. पाचही ठिकाणी माप एकच आहे का, ते आधी पाहावे.

क्रमाबद्दल : हे काम चालू काट्यावर करू नये. बॉयलर साफसफाईचा किंवा ‘नो केन’चा (ऊस नसल्याने गाळप थांबलेला) दिवस पाहावा. आधी नवी फायबर एका टोकाने काढून रिंग उघडी ठेवावी, सर्वांत दूरच्या स्विचपासून सुरुवात करून कार्यालयाकडे यावे, पाचही ठिकाणी रूट म्हणून कार्यालयाचाच पत्ता दिसतो याची खात्री करावी आणि मगच फायबर पुन्हा लावावी. प्रत्येक स्विचवर बदल झाल्यावर कॉन्फिगरेशन सेव्ह करावे.

गोदातीर (नांदेड) यांचे उत्तर

मी तंत्रनिकेतनात संगणक नेटवर्क हा विषय शिकवतो. वाळूजच्या सरांनी रूटचा प्रश्न पूर्ण सोडवला आहे, म्हणून मी उरलेल्या दोन अडचणींवर लिहितो. त्या दोन्हींचे मूळ एकच आहे.

रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना स्पॅनिंग ट्रीचा अल्गोरिदम तयार केला आणि १९९० मध्ये तो आयईईईच्या ८०२.१डी या मानकात आला. त्या जुन्या पद्धतीत पोर्ट जोडल्यावर ते १५ सेकंद ऐकते, १५ सेकंद शिकते आणि त्यानंतरच डेटा सोडते. वाट तुटल्यावर नवी वाट धरायला ३० ते ५० सेकंद लागत. २००१ मधील ८०२.१डब्ल्यू म्हणजेच आरएसटीपीने हा वेळ फारच कमी केला, परंतु त्याचा वेग दोन स्विचमधल्या परस्पर संवादावर अवलंबून आहे. एक स्विच प्रस्ताव पाठवतो, दुसरा मान्यता देतो आणि पोर्ट लगेच उघडते. काट्यावरचा संगणक अशी मान्यता देऊ शकत नाही. समोरून उत्तर येत नाही, म्हणून स्विच जुन्या सावधपणाने ३० सेकंद थांबतो. तेवढ्यात संगणकाचा डीएचसीपी (आयपी मागून घेणारी सोय) मागून मागून थकतो. लाईट आल्यावर आयपी न मिळण्याचे कारण हेच आहे.

ज्या पोर्टवर फक्त संगणक, प्रिंटर किंवा कॅमेरा आहे, ते पोर्ट ‘एज पोर्ट’ म्हणून जाहीर करावे. सिस्कोच्या स्विचवर याला पोर्टफास्ट म्हणतात. पोर्ट तत्काळ उघडेल. याने तिसरी अडचणही बऱ्याच अंशी सुटेल, कारण एज नसलेले पोर्ट उघडले की आरएसटीपी त्याला टोपॉलॉजीतला बदल समजतो आणि सर्व स्विचना शिकलेले मॅक पत्ते पुसायला लावतो. कोणीतरी संगणक चालू केला की पाचही स्विच क्षणभर सगळे विसरतात आणि फ्रेम सर्व पोर्टवर उधळतात. आपल्याला जाणवणारे अडखळणे बहुधा ते आहे.

एज पोर्टसोबत बीपीडीयू गार्ड अवश्य लावावा. त्या पोर्टवर कोणी लहान स्विच आणून जोडला आणि तिथून बीपीडीयू आला, तर पोर्ट बंद होईल आणि चूक त्या खोलीपुरती राहील. रिंगच्या पोर्टवर मात्र एज किंवा गार्ड चुकूनही लावू नये.

बालाघाट_फायबर यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. एक भर घालतो, कारण या चुकीची शिक्षा मी स्वतः भोगली आहे. बीपीडीयू गार्ड आणि बीपीडीयू फिल्टर ही नावे मेनूमध्ये एकाखाली एक असतात. गार्ड पोर्ट बंद करतो. फिल्टर बीपीडीयू पाठवणे आणि ऐकणे थांबवतो, म्हणजे त्या पोर्टपुरते स्पॅनिंग ट्री नसल्यासारखेच होते. मी अंबाजोगाईला एका वसतिगृहात घाईत फिल्टर निवडला होता. तिथल्या एका खोलीत भिंतीवरच्या दोन सॉकेटमध्ये एकाच वायरची दोन टोके खोचलेली निघाली, आणि ती सापडेपर्यंत पूर्ण इमारतीचे नेटवर्क सहा तास बंद होते.

दुसरे म्हणजे आपल्या जोडण्यांवर मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर जोडणारे डबे) आहेत का, ते सांगावे. असतील तर ‘टोपॉलॉजी चेंज’चे निम्मे कारण तिथे सापडू शकते. कन्व्हर्टरचे अडॅप्टर व्होल्टेज कमीजास्त झाले की रीस्टार्ट होतात, आणि आपल्या भागात संध्याकाळी पंप चालू झाले की व्होल्टेजचे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे.

मांजराकाठ यांचे प्रत्युत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल ‘नो केन’मुळे गाळप थांबले होते, त्या चार तासांत काम केले. झालेले सर्व लिहितो.

माप खरोखरच मिसळलेले होते. गोदामाचा स्विच जुन्या मापावर होता, तो नव्यावर आणला. प्रायॉरिटी सांगितल्याप्रमाणे दिल्या. रिंग जोडल्यावर गोदामाचे प्रयोगशाळेकडचे पोर्ट ‘अल्टरनेट, डिस्कार्डिंग’ दिसले, कागदावर मांडले होते अगदी तसेच. शेतकीची ऊस नोंदीची मोठी फाइल पूर्वी उघडताना चहा पिऊन होत असे, ती आता लगेच उघडते.

एज पोर्ट आणि गार्ड लावल्यावर काट्याच्या संगणकाला चालू होताच आयपी मिळाला. गार्डमुळे प्रयोगशाळेतील एक पोर्ट मात्र ताबडतोब बंद पडले. जाऊन पाहिले तर टेबलाखाली पाच पोर्टचा एक साधा स्विच होता आणि त्याच्या दोन वायरी भिंतीत गेलेल्या होत्या. ते वेटोळे तिथे किती दिवसांपासून होते, कोण जाणे. एक वायर काढली.

त्यानंतर परीक्षा म्हणून कार्यालय आणि काटा यांच्यामधली फायबर मुद्दाम काढली. काट्याच्या संगणकाचा एकच पिंग हुकला आणि संगणक चालू राहिला. परंतु काटा आणि गोदाम येथील कॅमेरे गेले, आणि फायबर परत लावल्यावर ते परत आले. संगणक चालतो आणि कॅमेरे चालत नाहीत, हे मला समजले नाही. कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच वायरींवर वेगळे ठेवलेल्या नेटवर्कमध्ये) आहेत, क्रमांक २०.

मीडिया कन्व्हर्टर आहेत. काटा ते गोदाम आणि गोदाम ते प्रयोगशाळा या दोन्ही जोडण्यांवर आहेत.

वाळूज_देखभाल यांचे उत्तर

प्रयोगशाळा आणि गोदाम यांच्यामधल्या पोर्टवर व्हीलॅन २० टॅग केलेला (म्हणजे तिथून जाऊ दिलेला) आहे का, ते पाहावे. माझ्या अंदाजाने नसावा. आरएसटीपी सर्व व्हीलॅनसाठी मिळून एकच झाड (रूटपासून निघणाऱ्या वाटांची रचना) बांधतो आणि कोणत्या जोडणीवर कोणता व्हीलॅन आहे हे तो पाहत नाही. वाट बदलली की सगळ्यांनाच नव्या वाटेने जावे लागते, आणि ज्या व्हीलॅनला त्या वाटेवर परवानगी नाही तो तिथे अडतो. एरवी ती जोडणी मिटलेली असते, म्हणून ही उणीव वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. रिंगच्या प्रत्येक पोर्टवर सर्व व्हीलॅन सारखेच असायला हवेत, मग त्या ठिकाणी एकही कॅमेरा नसला तरी. आपण फायबर काढून पाहिली, हे फार चांगले केले. बहुतेक जण दिवे हिरवे दिसले की थांबतात.

गोदातीर (नांदेड) यांचे उत्तर

व्हीलॅनचा विषय निघाला म्हणून थोडे. सिस्कोचे स्विच मूळ स्थितीत प्रत्येक व्हीलॅनसाठी वेगळे झाड बांधतात आणि त्यासाठी ते वेगळ्या पत्त्यावर बीपीडीयू पाठवतात. इतर कंपन्यांच्या अनेक स्विचना ते समजत नाहीत, फक्त व्हीलॅन १ मधून जाणारा प्रमाणित बीपीडीयू समजतो. पुढे दोन कंपन्यांचे स्विच एकत्र आले, तर सर्व ठिकाणी एमएसटीपी (व्हीलॅनचे गट करून झाडे बांधणारा प्रकार) ठेवून रीजनचे (सारखी सेटिंग असलेल्या स्विचच्या गटाचे) नाव, रिव्हिजन क्रमांक आणि व्हीलॅनची वाटणी ही तिन्ही अक्षरशः सारखी भरावीत. नावात एका अक्षराचा फरक असला तरी तो स्विच वेगळ्या रीजनमध्ये गेला असे मानले जाते. पाच स्विच आणि एका रिंगसाठी आज आरएसटीपी पुरेसे आहे, ते बदलू नये.

बालाघाट_फायबर यांचे उत्तर

कन्व्हर्टर असलेल्या दोन जोडण्यांबद्दल मला काळजी वाटते. स्विच आणि कन्व्हर्टर यांच्यात तांब्याची वायर असते, त्यामुळे पलीकडे फायबर तुटली तरी स्विचला आपली जोडणी चालू दिसत राहते. बीपीडीयू दर दोन सेकंदांनी येतो. तीन वेळा आला नाही, म्हणजे साधारण सहा सेकंद गेले, की आरएसटीपीला काहीतरी बिघडल्याचे कळते. दोन्ही तंतू तुटले तर एवढेच होते. पण एकच तंतू गेला, म्हणजे प्रयोगशाळेकडून गोदामाकडे काही पोहोचत नाही पण उलट दिशेने पोहोचते, तर गोदामाच्या मिटलेल्या पोर्टला बीपीडीयू ऐकू येणे थांबते. समोर कोणी नाही असे समजून ते उघडते आणि एका दिशेचे वादळ सुरू होते. गोदामाच्या रिंगकडील दोन्ही पोर्टवर लूप गार्ड लावावा. बीपीडीयू येणे थांबले तर पोर्ट उघडण्याऐवजी अडवूनच ठेवण्याचे काम तो करतो. कन्व्हर्टरवर लिंक फॉल्ट पास-थ्रूची (फायबर तुटली की तांब्याची बाजूही बंद करणारी) बारीक कळ असेल, तर तीही चालू करावी.

मांजराकाठ यांचे प्रत्युत्तर

प्रयोगशाळेच्या पोर्टवर व्हीलॅन २० नव्हताच. तो जोडला आणि आज पहाटे गाड्या सुरू होण्यापूर्वी कार्यालय ते काटा फायबर पुन्हा काढून पाहिली. कॅमेरे राहिले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. परवा रात्री लाईट गेली आणि यूपीएसची बॅटरी संपली, तेव्हा शेतकीचा स्विच परत आला तो सर्व पोर्ट एज नसलेल्या अवस्थेत. वाळूजच्या सरांनी सांगूनही मी त्या एका ठिकाणी सेव्ह केले नव्हते. आता पाचही स्विचचे कॉन्फिगरेशन उतरवून कार्यालयातल्या संगणकावर ठेवले आहे, आणि प्रत्येक रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला रिंगचा नकाशा, प्रायॉरिटी आणि कोणते पोर्ट मिटलेले असायला हवे हे लिहून चिकटवले आहे.

‘टोपॉलॉजी चेंज’चा आकडा कालपासून चारने वाढला आहे. चारही वेळा गोदामाच्या कन्व्हर्टरचे पोर्ट पडून परत आले होते, आणि त्यांपैकी तीन वेळा संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान. गोदामाच्या दोन्ही पोर्टवर लूप गार्ड लावला आहे. त्या कन्व्हर्टरवर पास-थ्रूची कळ नाही, म्हणून गोदामाचा स्विचच बदलून तिथे थेट एसएफपी मॉड्यूल (फायबर कन्व्हर्टरशिवाय स्विचमध्येच जोडणारा भाग) लावण्याची मागणी आज लेखी दिली आहे. तोपर्यंत दोन्ही कन्व्हर्टर कॅमेऱ्याच्या यूपीएसवर घेतले आहेत.